असईची लढाई रंगवतोय (१५ मिमी) – पगडीपासून मातीपर्यंत सल्ला हवाय

शिसेमहाल

मंडळी, धागा लांबणार आहे. चहा घेऊनच बसा.

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडायची हौस माझी कधी फिटलीच नाही. आमच्या वाड्यातल्या किल्ल्यावर पहारेकरी दरवाजापेक्षा उंच असायचा, आणि गुहेतला वाघ पहारेकऱ्याच्या दुप्पट. तेव्हा कोणाला खटकायचं नाही. आता बेचाळिशीत मात्र सगळं मापात हवं म्हणून हट्ट धरून बसलोय.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी: खरी घडलेली लढाई टेबलावर मांडायची, दोन्हीकडचे चिमुकले शिपाई उभे करायचे, टेपने मोजून चाल करायची आणि गोळीबाराचा निकाल फाशांवर लावायचा. प्रशियात रायस्विट्झ बापलेकांनी १८१२ ते १८२४ च्या दरम्यान असा खेळ सैन्याधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी बसवला. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्सने घरच्या जमिनीवर खेळण्यातल्या शिपायांशी खेळायचे नियम छापले आणि हा नाद सामान्यांना लागला. आज इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या आसपास या धंद्याची पंढरी आहे. शिपाई विकत मिळतात ते बिनरंगाचे, पांढऱ्या धातूचे. कपडे आपण चढवायचे. बारा आणे वेळ रंगवण्यात जातो, चार आणे खेळण्यात. काही जण तर खेळतच नाहीत, नुसते रंगवत राहतात.

मी असई घेतली, आताच्या जालना जिल्ह्यातली. २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले (दुसरे), पण प्रत्यक्ष लढाई चालवली ती शिंद्यांच्या चाकरीतल्या पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाने. वेलस्लीकडे दोन नद्यांच्या बेचक्यात उतरलेली जेमतेम साडेचार हजार माणसं. समोर कवायती पायदळच (त्याच्या मोठ्या तुकड्यांना कंपू म्हणत) सुमारे १०,५००, तोफा शंभराच्या घरात, आणि घोडदळ म्हणाल तर तीस हजारांवर.

आता हिशेब ऐका. ३० माणसांमागे १ शिपाई धरला तर वेलस्लीचे दीडशे, कंपूंचे साडेतीनशे आणि घोडे एक हजार! २८ मिमी मापात (म्हणजे शिपायाची उंची तेवढी) एक पायदळी शिपाई डाकखर्च धरून दोनशेच्या आसपास पडतो. गुणाकार बायकोसमोर करायचा नसतो. म्हणून १५ मिमीवर आलो, जिथे खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि पगडी मुगाच्या दाण्याएवढी होते. घोडदळाचा प्रश्न इतिहासानेच सोडवलाय. ते त्या दिवशी बहुतांशी बाजूलाच उभं होतं, तेव्हा टेबलाच्या कडेला चाळीस घोडे मांडून भागेल.

पहिला हप्ता झालाय: ७४व्या हायलँडर पलटणीचे १६ आणि "मराठा पायदळ" नावाने मिळालेले २४. ढाल, तलवार, पगडी, अनवाणी पाय. पगड्या भगव्या आणि हिरव्या केल्यात. दोन हात पातळ रंग, त्यावर गडद तपकिरी पाण्यासारखा वॉश, मग सुक्या कुंचल्याने उठाव.

एक फजिती सांगतो म्हणजे कोणी तरी शिकेल. प्रायमरचा स्प्रे मी ठाण्याच्या गॅलरीत मारला. जुलैत. बाहेर मुसळधार. हवेतल्या दमटपणाने रंग शिपायापर्यंत पोचायच्या आधीच अर्धा वाळला आणि चोवीसच्या चोवीस मावळे रवा लावून तळायला काढलेल्या बोंबलांसारखे दिसायला लागले. आंतरजालावर वाचलं की डेटॉलमध्ये बुडवून ठेवा, रंग सुटतो. सुटतो, खरंच सुटतो. पण बाहेर काढल्यावर आधी डेटॉलनेच घासून घ्यायचं असतं, पाणी नंतर. मी थेट नळाखाली धरले. रंगाचा असा चिकट डिंक झाला की टूथब्रश, बोटं, बेसिन, सगळं एकजीव. घराला चार दिवस प्रसूतिगृहाचा वास. आता प्रायमर हातानेच लावतो.

तर प्रश्न तीन. एक, १५ मिमीत डोळे काढावेत का? दोन, बेसवरची, म्हणजे शिपायाच्या पायाखालच्या चकतीवरची, माती कुठल्या रंगाची? बाहेरचे मार्गदर्शक सगळे वाळवंटी पिवळा सांगतात. तीन, उरलेले साडेतीनशे घ्यायचे ते याच पाकिटातले मागवू ना?

फोटो प्रतिसादात टाकतो.


खडूस काका

फोटूशिवाय धागा फाऊल.


मावळतीकर

वाचनखूण साठवली. बोंबलांची उपमा वाचून ऑफिसात फिस्सकन हसलो, साहेबांनी वर पाहिलं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.


तोफची

सुंदर उपक्रम. पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: थांबा! मागवू नका.

तुमच्या पाकिटातला शिपाई ढाल-तलवारीचा आहे. असईला शंभर तोफांच्या मागे जो उभा होता तो हा नव्हे. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉइन नावाच्या सॅव्हॉयच्या माणसाकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या. पुढे त्याच्या जागी पेराँ हा फ्रेंच, आणि त्यातल्याच एका कंपूचा मुखत्यार पोलमन. हे लोक बंदूक-संगिनीने लढणारे, ओळीत चालणारे, हुकमावर बार काढणारे. त्यांना तेलिंगे म्हणत आणि त्यांचा पोशाख कंपनीच्या शिपायांच्या धर्तीवरचा होता. भरती मुख्यतः अंतर्वेद, अवध, रोहिलखंड या बाजूची. त्या ओळीत बेगम समरूच्या सरधन्याच्या पलटणीही होत्या.

कवायत किती पक्की, तर वेलस्ली केळणा नदी ओलांडून त्यांच्या बगलेवर आला तेव्हा पोलमनने अख्खी ओळ तोफांसकट काटकोनात फिरवून त्याच्या तोंडासमोर आणली. इंग्रजांना ही अपेक्षाच नव्हती. हे ढाल-तलवारीच्या जमावाचं काम नाही.

तुमचे चोवीस शंभर-सव्वाशे वर्षं आधीचे आहेत. रंगकाम चांगलं असेल, फोटो दिसला तर सांगता येईल.


शिसेमहाल

@तोफची: वाचून जेवण गेलं नाही. चोवीस शिपाई दोनदा रंगवलेत हो मी!

आणि थोडा वादही घालतो. पाकिटावर "मराठा पायदळ" असं स्पष्ट लिहिलंय. शिवाय तेलिंग्यांना लाल कोट चढवले तर टेबलावर दोन्ही बाजू लाल. हातभर अंतरावरून कोण कुणाचा ते मलाच कळणार नाही.


भाला_फेक

म्हणजे मराठ्यांच्या सैन्यात मराठे नव्हतेच असं म्हणायचंय का तोफचींना? हे इंग्रजांनी लिहिलेलं वाचून आपण आपलीच माणसं कमी करायची. भगव्या पगड्या अजिबात काढू नका, शिसेमहाल.


तोफची

भालाफेक, कमी कोणालाच करत नाहीये. जो जिथे होता तिथे त्याला उभा करा, एवढंच म्हणणं.

घोडदळात होते की. गंमत अशी की वेलस्लीच्या बाजूलाही होते. १८०२ च्या डिसेंबरात वसईचा तह झाला, त्यामुळे पेशव्यांचं घोडदळ म्हैसूरच्या स्वारांबरोबर इंग्रजांच्या दिमतीला होतं आणि ते त्या दिवशी केळणेच्या दक्षिणेला ठेवलं होतं. ते रंगवायचे तर भगव्या पगड्या इंग्रजांकडच्या टेबलावर जातील. चालेल?

तेलिंग्यांचं म्हणाल तर, जो अवधचा पोरगा शिंद्यांच्या तोफेपाशी संगीन खाऊन पडला, त्याची मूर्ती आपण रंगवली नाही तर दुसरं कोण रंगवणार? ७४व्या पलटणीच्या कॉलरचा रंग तुम्हाला बसल्या जागी मिळाला असेल.


शिसेमहाल

मिळाला. पांढरा. दुसऱ्या हायलँडर पलटणीचा, ७८व्याचा, फिकट बदामी. शोधायला पाच मिनिटं लागली, आणि गोऱ्या शिपायाच्या मनगटपट्टीवर मी दोन तास घालवलेत. समोरच्याला मात्र पाकिटावरच्या चित्रावरून कपडे घातले. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जरा खजील झालोय.


जालनाकर

माझं आजोळ त्याच भागातलं, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो.

पिवळा? आमच्याकडे पिवळं फक्त शेणाने सारवलेल्या भिंतीला पोतेरं लावतात तेव्हा दिसतं. माती काळी आहे. नुसती काळी नाही, सप्टेंबरअखेरीला ती ओली काळी असते, वरून जरा सुकली की राखाडी आणि भेग पडली की आत परत काळी. पावसाळा सरतीला आलेला असतो म्हणजे बांधावर गवत गुडघाभर, हिरवं. बाजरी उभी. कडेला बाभळी. त्या दिवसात त्या शेतात चाललात तर चपलेला दोन-दोन किलोचा गोळा चिकटतो. तोफा ओढणाऱ्या बैलांचं काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

बेसला कोळशाचा काळा आणि त्यात थोडा तपकिरी. वर राखाडीचा सुका हात अगदी हलका. मग हिरवं भरपूर. शिपायांच्या पोटऱ्यांपर्यंत चिखल लावा, मनगटपट्टीवर दोन तास घालवलेत तसे पायावर दहा मिनिटं घालवा.

आणि नावांचं: इंग्रजी पुस्तकातली "कैटना" म्हणजे आमची केळणा, "जुआ" म्हणजे जुई. वेलस्लीला कोणी उतार दाखवला नव्हता. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड, तेव्हा त्याने ताडलं की मधे उतार असणारच. आमच्याकडचं शेंबडं पोरही हेच सांगेल. गावं समोरासमोर असतात ती सोयरिकीसाठीच.


पेणकर

डोळ्यांविषयी. आमचा गणपतीचा कारखाना, त्यामुळे ह्यात थोडी लुडबूड करतो.

आमच्याकडे डोळ्यांची आखणी करणारा माणूस वेगळा असतो, तो मातीकामाला हात लावत नाही. तुमच्या १५ मिमीत आखणी करूच नका. हातभरावरून माणसाचे डोळे दिसतात का? दिसते ती भुवईखालची सावली. तिथे गडद तपकिरीचा एक टिंब पडू द्या, नाकाच्या शेंड्यावर आणि गालाच्या हाडावर फिकट ठिपका. चेहरा आपोआप बघायला लागतो.

२८ मिमीत करायचेच असतील तर डोळे आधी, कातडी नंतर. पांढरी आडवी रेघ, त्यात काळी उभी रेघ, वरखाली सांडली तरी फिकीर नाही. मग कातडीच्या रंगाने कडा कापत आणायच्या. लोक उलट करतात, कातडी पूर्ण करून शेवटी डोळ्यात ठिपका ठेवायला जातात, आणि सगळी पलटण बटाट्यासारखे डोळे वटारून बघते. बुबुळ वरच्या पापणीला चिकटलेलं हवं, मधे तरंगलं की माणूस घाबरलेला दिसतो.

कुंचला तीन शून्यांचा घेऊ नका. त्याच्या टोकावरचा रंग कागदावर टेकेपर्यंत वाळतो. एक नंबरचा, पण टोक सुईसारखं असलेला घ्या. मनगट मनगटाला टेकवून बसा आणि रेघ मारताना श्वास सोडून थांबा. टोक करायला कुंचला तोंडात घालायची सवय असेल तर ती आजच सोडा.


चिमणीताई

मी नेल आर्ट करते, पेणकरांशी सहमत! बारीक ब्रशपेक्षा टोक महत्त्वाचं.

विषयाला सोडून एक विचारू? सासऱ्यांच्या लोखंडी पेटीत लाल कोटवाले बोटभर उंचीचे शिपाई सापडलेत, त्यांच्या वडिलांनी आणलेले. आतून पोकळ, जड. मी हौसेने ते नव्या प्लायवूडच्या शोकेसमध्ये मांडले, तर वर्षभरात अंगावर पांढरी भुकटी आलीय. पुसून घ्यायचे का? लेकाला खेळायला हवेत.


शिसेमहाल

@चिमणीताई: लेकाला अजिबात देऊ नका! ते शिशाचे आहेत. पोकळ ओतकामाची युक्ती विल्यम ब्रिटनने १८९३ मध्ये काढली, आणि त्यांच्या कारखान्यात शिशाचं काम १९६६ पर्यंत चाललं. पांढरी भुकटी म्हणजे शिशाचा क्षार. नव्या प्लायवूडमधून आणि ओकसारख्या लाकडातून आंबट वाफा निघतात, त्या बंद कपाटात शिशाला खातात. फुंकर मारू नका, कोरड्या फडक्याने झटकू नका. हातमोजे घालून बाहेर काढा, काचेच्या किंवा धातूच्या उघड्या मांडणीत ठेवा. लोखंडी पेटीत ते साठ वर्षं सुखात होते बिचारे!

आणि रंग उडालाय म्हणून नवा देऊ नका. जुना रंग हीच त्यांची किंमत.


चिमणीताई

बाप रे. आजच काढते. धन्यवाद. (लेक रडतोय.)


लेस्टरकर

द बॉइनवरून आठवलं. मागे आल्प्सकडे जाताना शांबेरीला थांबलो होतो, ते त्याचं जन्मगाव. भर चौकात त्याचा खांब आहे आणि खांबाला चार बाजूंनी चार हत्ती, सोंडेतून पाणी सोडणारे. १८३८ मध्ये बांधलेलं कारंजं. हत्तींची मागची अर्धी अंगं खांबात गेलेली आहेत, त्यामुळे गावकरी त्यांना बुडाशिवायचे हत्ती म्हणतात. महादजींच्या चाकरीत कमावलेल्या पैशातून त्याने गावाला दिलेल्या देणग्यांची ती परतफेड. खाली उभं राहून सँडविच खाल्लं आणि उगाच पुण्याची शिंदे छत्री आठवली.

असईला लढलेल्या ७४व्या, ७८व्या आणि १९व्या ड्रॅगून घोडदळालाही इंग्रजांनी मानचिन्ह म्हणून हत्तीच दिलाय. शिसेमहाल, तुमच्या ७४व्याच्या निशाणावर हत्ती काढला असलात तर पुसा, तो लढाईनंतर मिळाला.


शिसेमहाल

काढला होता. पुसला. (मुगाएवढ्या निशाणावर हत्ती काढून दाखवा कोणी!)


खडूस काका

काढला होता याला पुरावा? फोटू?


शिसेमहाल

दोन महिन्यांनी धागा वर काढतोय, माफी असावी.

तोफचींचं ऐकलं. कंपूंसाठी कंपनीच्या शिपायांचीच पाकिटं घेतली आणि एम-सीलच्या बारीक वळकट्या करून डोक्यावर पगड्या गुंडाळल्या. एम-सील पाऊण तासात दगड होतं, त्यामुळे एका वेळी सहाच डोकी. पगडी निळी ठेवली. दोन लालांचा घोळ असा सोडवला: इंग्रजांकडचा लाल भडक, विटकरीवर नारिंगीचा उठाव. कंपूंचा लाल उन्हापावसात विटलेला, त्यात थोडा तपकिरी आणि उठावाला गुलाबीकडे झुकणारा मातकट. हातभरावरून ओळखू येतात. अंधारात नाही. कातडीसाठी सगळ्यांना एकच तपकिरी देणं बंद केलंय, तीन बाटल्या आहेत, प्रत्येक ओळीत सरमिसळ.

माती काळी. जालनाकर, ७४व्याच्या पांढऱ्या विजारी पोटऱ्यांपर्यंत चिखलाने बरबटवल्यात. पहिल्यांदा जीव झाला नाही, मग मजा यायला लागली. बेसवर फेव्हिकॉल, चाळलेली वाळू, आणि चाळणीत उरलेले खडे नदीकाठाला.

आणि ते चोवीस! वाचले ते. असई गावात आणि गावाजवळ रघूजी भोसल्यांचं पायदळ होतं ना, ते कवायती नव्हतं. पाकिटावरची ढाल-तलवार तिथे खपून जाते. भगव्या पगड्या तशाच ठेवल्यात. भालाफेक, खूश?


भाला_फेक

खूश. पण वेलस्लीला हरवा.


तोफची

चोवीसांची जागा अगदी बरोबर. त्या गावाच्या रोखानेच इंग्रजांच्या उजव्या टोकाच्या तुकड्या चुकून फार पुढे गेल्या, ७४वी त्यांच्यामागे गेली, आणि गाव व तोफा यांच्यामधे सापडून कापली गेली. वरून मराठी घोडदळ पडलं. पाचशेच्या आसपासच्या पलटणीतले चारशेच्या घरात पडले. इंग्रजांचे त्या दिवशीचे एकंदर मेलेले आणि जखमी दीड हजारांवर, त्यातले हे.

खेळात एक नियम जरूर घाला. गोलंदाज तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले, इंग्रजांची ओळ वरून पुढे गेली, आणि मग उठून त्यांनी तोफा उलट्या फिरवून पाठीवर डागल्या. ७८व्या पलटणीला माघारी येऊन त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. तेव्हा घेतलेल्या प्रत्येक तोफेसाठी पुढच्या पाळीला फासा टाका, ५ किंवा ६ पडला तर ती जिवंत.


शिसेमहाल

नियम घातला. रविवारी खेळलो.

पोलमन मी, वेलस्ली माझा मेहुणा. त्याला इतिहास ठाऊक नाही म्हणून तो गावापासून चार हात लांब राहील असं वाटलं होतं. पण पाहुणा म्हणाला, ते चोवीस जण फार सुरेख दिसतायत, जवळून बघू, आणि ७४वी थेट तिकडे घातली. दोन पाळ्यांत सोळापैकी तीन उरले.

मग मधल्या फळीत माझे साडेतीनशे रडले. फासे असे पडले की निळ्या पगड्यांची ओळ जुईच्या काठापर्यंत रेटली गेली. मेहुणा चहाचा कप उचलत म्हणाला, झालं का? मी त्याने घेतलेल्या बारा तोफांसाठी फासे टाकले. एक दोन एक तीन चार एक दोन सहा, पाच, एक, सहा, तीन. तीन तोफा उठल्या आणि त्याच्या ७८व्याची पाठ समोर. त्याने कप खाली ठेवला तो केळणा नदीत. निळ्या कापडाची होती, चहाची झाली.

हरलो शेवटी. पण रात्री साडेअकराला, आणि त्याचे उरलेले शिपाई एका ताटलीत मावत होते.

जालनाकर, नदी धुवायला टाकलीय. पेणकर, डोळे काढले नाहीत, कोणी विचारलंही नाही.


जालनाकर

दोन्ही नद्यांना चहा पाजा म्हणजे रंग खरा दिसेल. पावसाळ्यात असाच असतो.


खडूस काका

फोटू?


शिसेमहाल

उद्या नक्की. मेहुण्याच्या मोबाईलमध्ये आहेत, आणि तो सध्या बोलत नाहीये.